वालाचे दोन दाणे

हाजरा धनसे या बाईंचं आणि माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं, आणि ते मीच उकरून काढलं होतं. मी तेव्हा पेणच्या आमच्या संस्थेचा सचिव होतो. मिठागरात राबणाऱ्या बायकांसाठी आम्ही काम करायचो, आणि मिठागर कामगाराचाच मुलगा असल्यामुळे त्या बायकांचं मला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. त्यात मुंबईच्या देणगीदारांनी कळवलं की पुढच्या तीन वर्षांचा आराखडा मंजूर करण्याआधी झालेल्या कामाचं मूल्यमापन होईल, आणि ते रोह्याच्या हाजरा धनसे करतील. माझं डोकंच फिरलं. आमचं काम जोखायला रोह्याहून कोणी बाई येणार, तिला खाडी ठाऊक नाही, मिठागर ठाऊक नाही, असं मी आमच्या अध्यक्षांना, दत्ताभाऊंना, तावातावानं सांगून आलो. ते म्हणाले, येऊ दे, चहा पाजू आणि परत पाठवू.

ती चहाही प्यायली नाही. फेब्रुवारी शहाण्णव होता आणि रमजान चालू होता. चाळिशीची बाई, सुती साडी, डोक्यावर पांढरी ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. रोह्याहून नागोठणे, तिथून वडखळ, तिथून पेण, अशी तीन एसट्या बदलून सकाळी साडेनऊला दारात उभी राहिली. मी विचारलं, मिठागर कधी पाहिलंय का? ती म्हणाली, नाही, तुम्ही दाखवा. एवढ्यावर कोणाशी भांडता येतं का? तरी मी भांडलो.

तिची हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. नवरा कमरुद्दीन कुवेतला क्रेन चालवायचा. नव्वदच्या ऑगस्टमध्ये तिथं लढाई पेटली आणि तो एक पिशवी घेऊन घरी परतला. त्यानंतर वर्षभर तो ओटीवर बसून असायचा, कोणाशी बोलायचा नाही. हिचं शिक्षण लग्नामुळे एस. वाय.ला सुटलेलं. एका पाहणीसाठी घरोघर फॉर्म भरायचं काम निघालं, ते हिनं धरलं. बाकीच्या पोरी चौकटीत खुणा करायच्या. ही खुणा करायचीच, शिवाय समासात बारीक अक्षरात लिहायची, माणूस तोंडानं हो म्हणाला पण हात जोडून म्हणाला, किंवा सासू उठून गेल्यावर उत्तर बदललं. मुंबईच्या प्राध्यापकांनी फॉर्म बाजूला ठेवून ते समासच वाचले म्हणे. तिथून हिचं नाव झालं. लहानसहान संस्था हिला बोलवायला लागल्या, पुढं काय करायचं ते ठरवायला आणि मागं काय झालं ते बघायला. कमरुद्दीनही सावरला. तोच स्कूटरवरून हिला रोह्याच्या स्टँडवर सोडायचा.

आमचा आराखडा मी आणि दत्ताभाऊंनी बसून लिहिला होता. त्यातलं मुख्य कलम पाळणाघरांचं. बांधावर शेड टाकून आम्ही पाच पाळणाघरं चालवत होतो. आई मिठात उतरली की पोर सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत आमच्या ताईजवळ. मिठागरात आई पोराला घेऊन उतरू शकत नाही आणि घरी सोडूही शकत नाही, म्हणून हे काम आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं. पाचाची वीस करायची, असा आराखडा होता. मुंबईच्या लोकांना ते फार आवडलं होतं. आता फक्त या बाईनं बरं लिहायला हवं होतं.

पहिला थांबा खारवाडी. हमरापूरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या कडेचं गाव. हाजराबाईंनी देवळासमोर बायकांना बसवलं आणि पाच ताटं मांडली. एकेका ताटात कागदावर चित्र: रेशनकार्डाचं, डोळ्यांच्या शिबिराचं, पायाच्या मलमाचं, पाण्याच्या टाकीचं, पाळणाघराचं. मध्ये सुपात वालाचे दाणे. प्रत्येकीनं प्रत्येक ताटात शून्यापासून दहापर्यंत, त्या कामाचा जेवढा उपयोग झाला तेवढे दाणे टाकायचे. लिहिता न येणाऱ्या बायकांना हे छान जमतं, असं त्या म्हणाल्या. मला तो पोरखेळ वाटला.

शिबिराच्या ताटात आठआठ, नऊनऊ पडले. टाकीला सात. मलमाला पैकीच्या पैकी, कारण मिठानं पाय चिरतात ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पाळणाघराच्या ताटात पहिलीनं दोन टाकले. दुसरीनंही दोन. तिसरीनंही. बारा बायका, प्रत्येकीचे दोनच. हाजराबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, सगळ्यांचे दोन कसे? मी म्हटलं, शेड जरा लांब आहे, ऊन लागतं, म्हणून कमी दिले असतील. पण काहीतरी दिलेत ना. त्यांनी लिहून घेतलं. समासात काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

त्या बारा जणींत काशीबाई होती. साठीची, घसा खणखणीत, गावात तिचा शब्द चालायचा. पाय चिघळल्यामुळे त्या आठवड्यात ती घरी होती, मिठात सून जात होती. पाहुणी दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाही, याचा तिला फार त्रास झाला. निघताना तिनं डबा भरून दिला, तांदळाची भाकरी आणि सुकट, रोजा सोडताना खा म्हणून. हाजराबाईंचा मुक्काम पेणलाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत खारवाडीला गेलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. हाजराबाईंनी धुतलेला डबा काशीबाईच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं. आत दोन खजूर होते.

"रिकामा दिला असतास तरी चाललं असतं गो," काशीबाई म्हणाली.

"रिकामा कसा देणार?" हाजराबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

हाजराबाईंचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला आधी कळेना, मग कळलं. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर दोन दाणे तांदूळ, चिमूटभर साखर, मिठाचा खडा, काहीही घालतात, पण घालतात. माझी आई आयुष्यभर हेच करत आली. त्या बारा बायकांपुढं संस्थेचं ताट आलं होतं. ते रिकामं ठेवणं त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांनी दोन दोन दाणे टाकले. रोह्याच्या बाईला ते दुसऱ्याच दिवशी उमगलं, आणि खाडीच्या कडेला जन्मलेला मी ते दोन दाणे गुण म्हणून मोजत बसलो होतो.

हाजराबाईंनी काशीबाईला साधंच विचारलं, नात कुठं आहे? भूमिका तिची नात, दीड वर्षाची. काशीबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "आईसंगती गेलीय." पाळणाघरात का, असं विचारताच ती डबा घेऊन आत गेली.

मिठागर उद्या बघायचं ठरलं होतं. मी तसं म्हणालोही. हाजराबाई तोवर बांधाच्या वाटेला लागल्या होत्या. मी मागून चालत सांगत राहिलो की ऊन फार आहे, तुमचा उपास आहे, ताईंना निरोप दिलेला नाही. त्या थांबल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांना तिथं पोचू द्यायचंच नव्हतं. पाळणाघराची ताई होती शकू, माझी सख्खी वहिनी. तिला मीच नेमलं होतं. ती कधीमधी दुपारी हमरापूरला जाते हे माझ्या कानावर होतं. मिठाचा हंगाम आणि गणपतीच्या कारखान्यांचा हंगाम एकाच वेळी. शकूचा हात मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीत बसलेला, कारखानदार तिच्यासाठी टेंपो पाठवायचे. आणि आमचं मानधन चारचार महिने निघायचं नाही. कधीमधी म्हणजे किती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

शेडला कुलूप होतं.

त्या दिवशी पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी मिठागरात घ्यायचं म्हणून बांधाची उघाडी, म्हणजे पाणी अडवणारी फळी, वर काढली होती, आणि चरातून पाणी जोरात आत येत होतं. बायका पार पलीकडच्या टोकाला, टोपल्या डोक्यावर घेऊन मिठाच्या राशीकडे चाललेल्या. इतक्या लांबून त्यांची तोंडंही ओळखू येईनात. अलीकडे बांधाच्या उतरणीवर चार काठ्यांवर गोणपाट टाकलं होतं. त्याच्या सावलीत तीन खुंट्या होत्या. दोन खुंट्यांना दोन पोरं, पायाला साडीच्या काठाची पट्टी बांधलेली. एक झोपलं होतं, एक माती खात होतं. तिसऱ्या खुंटीला नुसती पट्टी होती. गाठ सुटलेली.

हाजराबाईंनी एकच प्रश्न विचारला, चर किती खोल आहे? मी पळालो. लहानपणी याच खाडीत आम्ही पोहलो, तेव्हा भरतीचं पाणी चरात किती वेळात पुरुषभर होतं ते मला माहीत होतं. बांधाच्या कडेकडेनं हाका मारत सुटलो आणि मारतानाच जाणवत होतं की दीड वर्षाचं पोर हाकेला ओ कसं देणार. पाण्याच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. उघाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर एक तिवराचं झुडूप होतं. त्याच्या मुळाला धरून भूमिका चिखलात बसली होती. पाणी छातीला लागलं होतं. ती रडत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मी उतरलो तसा मांडीपर्यंत रुतलो. तिला उचलली, पण मला वर येता येईना. पाणी चढत होतं. हाजराबाई बांधावर पालथ्या पडल्या आणि त्यांनी दोन्ही हात खाली सोडले. मी पोर वर धरली. दोनदा त्यांची बोटं पोचली नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी तिचं झबलं धरलं आणि ओढून घेतली. मला पुढं मिठागरातल्या दोन गड्यांनी बाहेर काढलं, पायात चपला राहिल्या नव्हत्या.

भूमिकाची आई धावत आली. तिनं आधी पोरीच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला छातीशी घट्ट धरून खाली बसली आणि रडायला लागली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. एखादी शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेडचं कुलूप एका गड्यानं दगडानं तोडलं. आत पाळणे होते, दोऱ्यांवर धूळ. भिंतीला हजेरीचा पट टांगलेला. हाजराबाईंनी तो खाली काढला आणि माझ्यापुढं धरला. शकूनं आठवडाभराच्या खुणा एकदम करून ठेवल्या होत्या. भूमिकाच्या नावापुढं आजची खूण होती, उद्याची होती, शनिवारपर्यंतची होती. मागच्या सगळ्या महिन्यांच्या पानांवर खाली माझी सही होती.

पेणला परतताना टमटममध्ये मी त्यांना विनवण्या केल्या. लाज वाटते, पण केल्या. म्हटलं, एका गावचा हा प्रकार, बाकीची चार पाळणाघरं चांगली चालतात, एवढं एक पान गाळा. हे वाचून मुंबईवाले सगळंच बंद करतील, मग त्या चार ठिकाणची पोरंही खुंटीला जातील. हे मी नुसतं त्यांना गुंडाळायला बोलत नव्हतो, मला खरंच तशी भीती होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या पटावर ती मुलगी आत्ता पाळण्यात झोपलीय, काळुरामभाऊ. मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाचा अहवाल त्यांनी केला होता. विहिरीच्या पाण्याबद्दल मुली कुजबुजत होत्या, चालकांनी हातापाया पडून गळ घातली, आणि यांनी 'समाधानकारक' असा शब्द लिहिला. पावसाळ्यात नऊ मुली काविळीनं पडल्या. एक घरी गेली ती परत आली नाही. त्या म्हणाल्या, तिचं नाव मी रोज घेते.

अहवाल आणि आराखडा एकाच बैठकीत ठरणार होते, आठ दिवसांनी, पेणला. मुंबईहून देणगीदारांच्या बाई येणार होत्या. हाजराबाईंनी कळवलं की बायकांचे दाणे सगळ्यांसमोर परत एकदा मांडायचे. बाकीच्या चार गावांतूनही दोन दोन बायका बोलवा. मला वाटलं, संपलं. मग वाटलं, नाही, बायका चारचौघांत पुन्हा दोन दोनच टाकतील, आणि दोन दाण्यांचा अर्थ मुंबईच्या बाईला कोण सांगणार? त्या आशेवर मी एक हलकट गोष्ट केली. बैठकीच्या आदल्या दिवशी काशीबाईकडे गेलो आणि म्हणालो, मावशे, उद्या जरा सांभाळून घे. संस्था बुडाली तर कोणाचंच भलं नाही. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला. भूमिका अंगणात खेळत होती. तिच्या घोट्याभोवती पट्टीचा काळपट वळ होता. चहा मी तसाच खाली ठेवला.

बैठकीला दत्ताभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत मध्ये बसले. वीस पाळणाघरांचा नकाशा भिंतीला लावला होता. हाजराबाईंनी ताट मांडलं, एकच, पाळणाघराचं. बायका एकेक करून आल्या. दोन. दोन. एकीनं तीन टाकले. बाकीच्या चार गावांच्या बायकांनीही दोन दोन टाकले तेव्हा मी हादरलो. म्हणजे तिथंही. खारवाडी एकटी नव्हती, आणि टमटममध्ये मी ज्या चार पाळणाघरांची ग्वाही दिली होती, त्यांच्या पटांवरही माझीच सही होती.

मुंबईच्या बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, आकडा कमी आहे, पण सुरुवात म्हणून ठीक. लोकांना थोडा तरी उपयोग वाटतोय, यावर पुढं बांधता येईल. दत्ताभाऊंनी मान डोलावली. मी हाजराबाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर अहवाल होता, आणि दोन दाणे म्हणजे काय ते त्यात लिहिलेलं होतं. त्या बोलत नव्हत्या. त्यांनी सांगितलं असतं तर ते त्यांचं म्हणणं झालं असतं, आणि दत्ताभाऊंनी ते खोडून काढलं असतं. त्या वाट बघत होत्या. शेवटचा नंबर काशीबाईचा होता.

ती लंगडत आली. सुपातला एकही दाणा तिनं उचलला नाही. खाली वाकून ताट उचललं आणि त्यात पडलेले सगळे दाणे सुपात ओतले. हातानं ताट पुसून घेतलं. मग ती दत्ताभाऊंकडे गेली नाही, मुंबईच्या बाईकडेही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साठ वर्षांत तिनं असं कधी केलं नसणार.

"काळू, घे," ती म्हणाली. "आज रिकामाच ने."

मी ताट घेतलं. बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. दत्ताभाऊ चिडून मला विचारत होते, हा काय प्रकार आहे, सचिव, काय चाललंय? मी उभा राहिलो आणि बोललो. पट खोटे आहेत, त्यावर सही माझी आहे, शकूला दोष देऊ नका, चार महिने मानधन अडकवलं तेही आपणच. त्या दिवशीचा चर, खुंटी, सगळं सांगितलं. सांगताना ताट माझ्या हातातच होतं.

पुढं जे झालं ते गाजावाजा न होता झालं. मुंबईवाल्यांनी काम बंद केलं नाही. हाजराबाईंनी त्याच दुपारी बायकांना घेऊन नवा आराखडा मांडला. विसावर काट मारली. पाळणाघरं पाचच, पण संध्याकाळी पाचपर्यंत उघडी, किल्ली गावातल्या बायकांच्या हातात आणि पटावर सही आजीची किंवा आईची. दत्ताभाऊ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी सचिवपद सोडलं. शकूनं हमरापूरची आखणी धरली आणि ती तिथं सुखी आहे. खारवाडीला दुसरी ताई मिळेना, म्हणून हंगाम संपेपर्यंत ते पाळणाघर मी चालवलं. पोरांची ढुंगणं धुतली, पेज भरवली. गावात माझी यथेच्छ चेष्टा झाली.

मेअखेर मीठ आवरत आलं तेव्हा हाजराबाई एकदा बघायला आल्या. मला बाहेर काढलं आणि देवळासमोर ताट मांडलं. मी पिंपळाखाली उभा होतो, परीक्षेच्या निकालाला कधी घाबरलो नाही एवढा घाबरलो होतो. काशीबाईनं दाणे टाकले आणि तिथूनच मला हाक मारून हिशेब ऐकवला: सात दिलेत. तीन कापले, कारण तू पोरांना दटावून निजवतोस, आणि तुझी पेज पातळ असते.

त्या भेटीनंतर हाजराबाईंनी लिहिलेल्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. पाळणाघराच्या रकान्यात सात हा आकडा आहे. शेजारी समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: यातला एकही दाणा रीत म्हणून टाकलेला नाही.